कामिनीचं कुंपण वाळतंय, पाणी वाढवू का?

दादा, आज संध्याकाळचं पाणी देऊ नका. बाकीचं सावकाश सांगते.

तुम्ही लिहिलंय ते असं: सांगली-मिरज रस्त्यालगत नवं घर, जमीन काळी. कंपाउंडच्या भिंतीकडेने ६० फुटांत कामिनीची ५५ रोपं गुढीपाडव्याला लावली, त्याला पाच आठवडे झाले. सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी सुरू आहे. तरी खालची पानं पिवळी पडून गळतात, दुपारी शेंडे माना टाकतात आणि बारा रोपं पार वाळली. रोपं देणारा म्हणतो युरिया टाका. शेजारचे काका म्हणतात उन्हाळा आहे, पाणी वाढवा. आई म्हणतात हे सगळं उपटा आणि मेंदी लावा. कुणाचं ऐकू, हा तुमचा प्रश्न.

युरियावाल्याचं तर मुळीच नको. काकांचं आत्ता नको. आईंचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, पण त्यावर नंतर येते.

मिरज तालुक्यात माझी रोपवाटिका आहे, सव्वीस वर्षं झाली. कुंपणं लावून देण्याची कामं सांगलीपासून साताऱ्यापर्यंत केली. त्याआधी सासरी, बेडगला, पानमळा होता. पानवेलीइतकं लाडाचं पीक दुसरं नाही. पाणी थोडं कमी पडलं तर सुकते, दोन दिवस साचलं तर मर लागते. मामंजी रोज पहाटे मळ्यात वाकून मूठभर माती उचलायचे, दाबायचे, सोडायचे आणि मग ठरवायचे, पाणी द्यायचं का नाही. नवी होते तेव्हा मला त्याचं हसू यायचं. आता माझी मुलं मला हसतात.

लागवडीनंतरचे पहिले दोन-तीन महिने कुंपण असं काही नसतं. पंचावन्न सुटी रोपं असतात आणि प्रत्येक रोप आपापल्या हुंडीवर जगत असतं. हुंडी म्हणजे पिशवीतून निघालेला मातीचा गोळा, जेमतेम वीतभर उंच. मुळं अजून त्याच्या बाहेर फारशी पडलेली नसतात. तुम्ही ६० फूट जमीन भिजवता, पण रोपाच्या कामाची त्यातली वीतभरच. त्यात हुंडीतली माती एका जातीची, भोवतालची दुसऱ्या. आपल्याकडची बरीच रोपं तांबड्या मातीत किंवा कोकोपीटमध्ये वाढवलेली असतात; ती भुसभुशीत, पाणी पटकन सोडणारी. भोवती तुमची काळी, चिकट, पाणी धरून बसणारी. अशा जमिनीत खड्डा गुळगुळीत खणला की त्याचं मडकं होतं. पाणी आत जातं, बाहेर जायला वाट नसते आणि हुंडी त्यात बुडून बसते.

मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मूळ गुदमरतं, मग कुजतं, आणि कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. वर पान काय करणार? मान टाकणार. आपल्याला वाटतं तहान लागली, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. काळ्या जमिनीतली माझ्या पाहण्यातली नवी कुंपणं गेली ती बहुतेक अशी, मायेने.

पण तुमच्याकडे हेच झालंय असं मी इथे बसून छातीठोक सांगणार नाही, कारण नेमकं याच्या उलटही होतं. गोदावरीकाठच्या कडियमकडून आपल्याकडे रोपांच्या गाड्या येतात. त्यातली पुष्कळ रोपं चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा एकदा आतून कोरडा पडला की विटेसारखा होतो. वरून पाणी घाला, ते कडेकडेने निसटून भोवतालच्या मातीत जातं. जमीन ओलीचिंब आणि मूळ तहानलेलं. पानं दोन्हीकडे सारखीच लोंबतात, उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध. म्हणून आधी उकरून बघायचं.

उद्या सकाळी खुरपं, बादलीभर पाणी आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन बसा. वाळलेलं एक रोप मातीसकट उचला. पहिल्यांदा बघा, पिशवी काढलेली आहे का. हसू नका. एका बंगल्यावर मला सलग वीस-बावीस रोपं काळ्या पिशवीसकट पुरलेली सापडली होती. मजुरांनी रोपावर ठेका घेतला होता, ब्लेडने पिशवी चिरण्याचा वेळ त्यांनी वाचवला. घरची बाई सहा महिने त्या पिशव्यांना खत घालत होती.

पिशवी नसेल तर हुंडी मधोमध मोडा. आत कोरडी ठणठणीत, बाहेर चिखल? मग दुसरा प्रकार, गोळा भिजतच नाहीये. आत-बाहेर सारखाच गिच्च ओला, नाकाला आंबूस कुबट वास? मग मुळं बादलीत धुऊन घ्या. निरोगी मूळ पांढरं किंवा पिवळसर, टोक कोवळं, ओढलं तर टणक. कुजलेलं तपकिरी-काळं, दोन बोटांत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघते आणि आत दोरा राहतो. हा पहिला प्रकार, पाणी जास्त. मुळं गोळ्याभोवती गोल गोल वेटोळी घालून बसली असतील तर रोप पिशवीत फार दिवस राहिलं होतं. अशी रोपं पुढे कायम रडतात.

मग आजारी दिसणारं पण जिवंत असं एक रोप निवडा. उपटू नका. बुंध्यापासून चार बोटं लांब खुरप्याने हातभर खोल उकरा आणि तळाची माती मुठीत दाबा. हात ओला झाला, गोळा चिकटून बसला, तर पाणी जास्त आहे. गोळा झाला आणि गुडघ्याच्या उंचीवरून सोडल्यावर फुटला, तर वाफसा आहे, म्हणजे हवी तेवढीच ओल. गोळाच होत नसेल तर कोरडी. शेतकऱ्याच्या घरात वाढला असाल तर हे मी सांगायला नको. पण शेतात वाफसा बघणारा माणूस अंगणातल्या झाडाला मात्र घड्याळ बघून पाणी घालतो, हे मी किती वेळा पाहिलंय.

आणि वाळलेली म्हणून सोडून दिलेली बारा रोपं नखाने खरवडून बघा. बुंध्याजवळ सालीखाली हिरवं दिसलं तर त्यात जीव आहे, कामिनी खालून फुटवे देते. त्या बारांतली दोन-तीन तरी परत येतील असा माझा अंदाज आहे.

आता उपाय.

मुळं कुजत असतील तर औषधाच्या आधी हवा. पाणी थांबवा आणि खालची माती वाफशावर येऊ द्या. काळ्या जमिनीत एप्रिलच्या उन्हातही त्याला चार-सहा दिवस लागू शकतात. तेवढ्यात रोपांच्या ओळीपासून हातभर लांब, बागेच्या बाजूने, वीतभर खोल चर काढून त्याला उताराकडे तोंड द्या. साचलेलं पाणी तिकडे उतरेल, आणि वळवाचा पाऊस आला की याच चराने रोपं वाचतील. बुंध्याभोवतीची माती खुरप्याने हलकी मोकळी करा, पण हुंडीला धक्का लावू नका. वाफसा आला की ट्रायकोडर्मा (मूळकुजीच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) लिटरला ५ ग्रॅम प्रमाणे, रोपाला अर्धा लिटर, बुंध्याशी ओता. त्याच्या आगेमागे दहा-बारा दिवस रासायनिक बुरशीनाशक घालू नका. ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे, ती मरेल.

हुंडी आतून कोरडी असेल तर पाइप ठेवून द्या आणि तांब्या घ्या. पेन्सिलीएवढी काडी हुंडीत दोन-तीन ठिकाणी हळूच खुपसा, बुंध्याशी अर्धा तांब्या पाणी ओता, पुढच्या रोपाकडे जा. ओळ संपली की परत पहिल्यापासून. असे तीन फेरे. गोळा एका दमात पाणी पीत नाही, चाखत चाखत पितो. तीन-चार दिवस असं केलंत की मऊ पडतो.

पुढचं रोजचं पाणी कसं? ऊस किंवा कांदा लावणारा माणूस लागणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रोप रुजावं म्हणून आंबवणीचं पाणी देतो, मग जमीन बघून पुढचं. कुंपणालाही तोच न्याय. आपल्याकडे पारा ३८-४० अंशांवर असताना तुमच्यासारख्या काळ्या जमिनीत मी तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी रोपाला दोन लिटर देते. त्यातलं अर्धा लिटर थेट हुंडीवर, बाकीचं बुंध्यापासून वीतभर लांब गोल आळ्यात. बाहेर ओल सापडली तर मूळ ती शोधत बाहेर येतं. सगळं पाणी बुंध्याशीच मिळालं तर ते घर सोडत नाही. पण हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, मुरमाड उतारावर, हीच कामिनी मी लावली होती. तिथे एकाआड एक दिवस पाणी देऊनही जमीन आणखी मागायची. जतकडे वारा वेगळा, ऊन वेगळं. आणि एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर माणमध्ये ५०० च्या आसपास. कुणी तुम्हाला ‘कामिनीला इतकं लिटर’ असं छापील उत्तर दिलं तर त्याला आधी विचारा, जमीन कुठली.

ठिबक करायचं मनात असेल तर करा. १६ मिलिमीटरची इनलाइन नळी मिळते, तिच्या आतच ठरावीक अंतरावर थेंब सोडणारी छिद्रं असतात. पहिला महिना ती अगदी बुंध्याजवळून जाऊ द्या, म्हणजे थेंब हुंडीवर पडतील. नवी फूट दिसली की वीतभर लांब सरकवा. लोक नळी एकदा अंथरतात ती चार वर्षं तिथेच असते. आणखी एक: पाणी बोअरचं आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कृष्णाकाठच्या पट्ट्यात जमिनी क्षारपड झाल्यात, बरीच बोअरं मचूळ आहेत. पानांची टोकं आणि कडा करपल्यासारख्या तपकिरी होत असतील, मातीवर पांढरी साय धरत असेल, तर तो क्षारांचा मार आहे. अशा वेळी रोज थोडं थोडं पाणी देणं सगळ्यात वाईट. पाणी उडून जातं, मीठ वरच राहतं. निचऱ्याचा चर काढून मगच, लांब अंतराने, भरपूर पाणी द्यायचं, म्हणजे मीठ खाली धुऊन जातं.

आच्छादन मात्र विचारत बसू नका, घालाच. सांगलीत पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, फुकट मिळतं. बांधावर काडी लावून जाळण्यापेक्षा तुमच्याकडे आलं तर शेतकरी वर चहा पाजेल. चार बोटं जाडीचा थर द्या, पण बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओलीने साल कुजते आणि वाळवीही चढते. हळदीचा वाळका पाला, भुईमुगाची टरफलं, काहीही चालेल. आधी माती वाफशावर येऊ द्या, मग थर घाला. चिखलावर पाचट घातलं तर ओल आणखी कोंडते.

सावलीही द्या, दोन-तीन आठवडे. भिंतीची रोपांकडची बाजू पश्चिमेला तोंड करून असेल तर दुपारनंतर ती तव्यासारखी तापते आणि रात्री उशिरापर्यंत आच सोडत राहते. ५० टक्के सावलीची हिरवी जाळी मिळते. नसेल तर जुनी रीत: तुरकाट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) किंवा कडुलिंबाचे डहाळे रोपाच्या पश्चिमेला खोचायचे. दिसायला गबाळं दिसतं, पण काम चोख होतं.

आता युरिया. रोपाला मुळं नाहीत आणि तुम्ही त्याच्यापुढे जेवणाचं ताट वाढताय. युरिया असो की डीएपी, असं खत मुळांना मिठासारखंच. ज्या मातीत शोषणारं मूळ नाही तिथे ते साठतं आणि उरलीसुरली टोकं जाळतं. पहिली नवी फूट येऊन तिची पानं पक्की होईपर्यंत मी एक चिमूटही घालत नाही. त्यानंतर रोपाला दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड, बस. शेणखत घालायचं तर पूर्ण कुजलेलं. कच्च्या शेणात हुमणीची अंडी-अळ्या येतात, आणि ऊसपट्ट्यात हुमणी काय करते हे तुम्हाला ठाऊक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये रोप वरून बरं दिसतं आणि हात लावला की उपटून हातात येतं.

हे मी शिकले ते स्वतःच्या खर्चाने. धंद्यात नवी असताना एका शाळेचं कुंपण घेतलं होतं, दोनशेवर रोपं. स्वस्तात भारी खत म्हणून साखर कारखान्यावरून मळी, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, आणून चरात भरली. मळी ताजी होती. ताजी मळी कुजताना तापते, हात घातला तर चटका बसावा इतकी. पंधरा दिवसांत निम्म्याच्या वर रोपं गेली. हेडमास्तर एका शब्दाने बोलले नाहीत, पण रोज दुपारच्या सुट्टीत येऊन ती वाळकी रांग बघून जायचे. रोपं पदरच्या पैशांनी परत लावली. मळी वाईट नाही, चार-सहा महिने कुजवलेली असेल तर उत्तम. ताजी मात्र नको.

पिवळेपणाबद्दल एक खुलासा करते, कारण कामिनीत दोन तऱ्हेचा पिवळेपणा येतो आणि त्यात घोळ होतो. तुमच्याकडे खालची, जुनी पानं पिवळी पडून गळताहेत. हे मुळांच्या त्रासाचं लक्षण आहे. पावसाळ्यानंतर कदाचित दुसरा प्रकार दिसेल: वरची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्यागार. ती लोहाची कमतरता. कामिनी लिंबाच्या कुळातली, आणि लिंबाचं चुनखडीच्या जमिनीशी जमत नाही. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना ते उचलता येत नाही. तुमच्याकडे शंका जास्त, कारण नव्या बांधकामाच्या भिंतीशी सिमेंट, चुना, गिलाव्याचे खडे मातीत मिसळलेले असतातच. तेव्हा फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, त्यात अर्धं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर फवारा. आधी दोन रोपांवर करून बघा. जमिनीतूनच द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह, घ्या. ईडीटीएवालं स्वस्त असतं, पण अशा जमिनीत टिकत नाही. आत्ता यातलं काहीच करू नका. जांभ्या मातीत, मेढा-महाबळेश्वरकडे, हा त्रास मला जवळजवळ कधी दिसला नाही.

(सोनेरी ड्युरांटा या कुंपणाच्या झुडपाची पानं मुळातच पिवळी असतात. ‘झाड पिवळं पडलंय, खत सांगा’ असे फोन मला अजूनही येतात.)

भिंतीपासून अंतर किती ठेवलंय तेही मोजा. मी दीड ते दोन फूट ठेवते. सहा इंचांवर लावलं असेल तर अर्धी मुळं सिमेंटमध्ये, मागची बाजू कायम उघडी, आणि छाटायला कात्री जात नाही. तसं असेल तर आत्ता उपटाउपट नको. जगतील तेवढी जगवा, पावसाळ्यात ओळ पुढे सरकवा.

आईंची मेंदी. खरं सांगायचं तर तुम्ही पाडव्याच्या आधी मला विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, थांबा. मार्चमध्ये लावलेल्या रोपापुढे सगळा उन्हाळा उभा असतो, आणि मूळ धरायला लागणारा गारवा जूनशिवाय येत नाही. आपल्याकडे मृगाचा पाऊस स्थिरावला की लावावं. कोरड्या जत-आटपाडीकडे ऑगस्टअखेर, परतीच्या पावसाच्या भरवशावर. पाटण-मेढ्याकडे उलट, मुसळधार सुरू होण्याच्या आधी किंवा जोर ओसरल्यावर. मेंदी उन्हाला खमकी आहे, पाणी कमी मागते, आणि जुन्या बंगल्यांची कुंपणं मेंदीचीच असायची. पण तिलाही साचलेलं पाणी सोसत नाही. कामिनी जिथे कुजते तिथे मेंदी लावून रोज दोनदा पाणी घातलं तर मेंदीही जाईल. जागा खरोखर खोलगट असेल, पुराचं किंवा शेतीचं पाणी येऊन थांबत असेल, किंवा जमीन चोपण (क्षारांनी घट्ट झालेली, पाणी न मुरणारी) असेल, तर मी दोन्ही सोडून कोयनेल नावाचं झुडूप लावते. ती मूळची समुद्रकाठची, खारवट आणि पाणथळ दोन्ही सोसते, आणि तिच्या कडू पाल्याला शेळी तोंड लावत नाही. कामिनीसारखा सुवास नाही, पण कुंपण होतं. घरात लिंबाची झाडं असतील तर तेही ध्यानात घ्या: लिंबावरचा सिट्रस सायला नावाचा किडा कामिनीवरही पोसतो. लिंबाची बाग असलेल्या शेतकऱ्याला मी कामिनीचं कुंपण सुचवत नाही. अंगणात एखादंच झाड असेल तर नजर ठेवली तरी पुरे.

तर येत्या पंधरवड्याचा क्रम असा धरा: उद्या तपासणी, मग माती वाफशावर येईपर्यंत थांबणं (किंवा गोळा कोरडा निघाला तर तांब्याने भिजवणं), चर, ट्रायकोडर्मा, पाचट, सावली. खत नाही, कात्री नाही.

कात्रीबद्दल आत्ताच सांगून ठेवते, कारण जूनमध्ये तुम्ही उत्साहात असाल. आजारी रोपाची आत्ता छाटणी करू नका. वाळलेली काडी तेवढी मोडा. कोवळी फूट काढायला रोपाकडे सध्या बळ नाही. पण पाऊस लागून नवी फूट वीतभर झाली की मन घट्ट करून सगळी रोपं फूट-सव्वा फुटावर तोडा. लोक इथेच कच खातात. तासगावचा द्राक्षवाला दर एप्रिलला खरड छाटणीत सगळी बाग बोडकी करतो, त्याचा हात थरथरत नाही. पण तोच माणूस बंगल्यातल्या कुंपणाचा शेंडा तोडायचा म्हटलं की म्हणतो, ताई, आत्ता कुठे वाढतंय हो! शेंडा ठेवलात तर रोप काठीसारखं वर जाईल, दोन वर्षांनी चार फुटांवर हिरवं छत आणि खाली उघडे बुंधे, त्यातून कुत्री ये-जा करतील. खालून दाट हवं असेल तर पहिल्याच पावसाळ्यात खालून फांद्या फुटल्या पाहिजेत. त्यानंतर दर छाटणीला चार-सहा इंचच उंची वाढू द्यायची. आकार पालथ्या घमेल्यासारखा, तळाला रुंद, वर निमुळता. वर रुंद झालं की तळाला ऊन मिळत नाही आणि खालची पानं झडतात.

पहिल्या पावसात कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या सापडतील. लिंबावरच्या फुलपाखराच्या आहेत, हाताने वेचून टाका. पंचावन्न रोपांसाठी फवारणीचा पंप काढायचं कारण नाही.

राहता राहिला नांग्या भरण्याचा, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावण्याचा प्रश्न. इथे तुमच्यासाठी बरी बातमी आहे. ६० फुटांत ५५ रोपं म्हणजे जवळजवळ फुटाला एक, आणि कामिनीला मी दीड फूट देते. तुम्हाला मुळात चाळीसेक रोपं पुरली असती. त्रेचाळीस जिवंत असतील तर जिथे एखादंच मेलंय तिथे काही लावू नका, शेजारची दोन रोपं दुसऱ्या वर्षापर्यंत ती जागा भरून काढतील. सलग दोन-तीन गेलीत तिथेच नवं रोप लागेल. मेलेल्या रोपाच्या खड्ड्यातली माती बाहेर काढून ऊन खाऊ द्या, खड्ड्याच्या कडा कुदळीने खरबडीत करा आणि पावसाळ्यात भरताना जमीन भोवतालपेक्षा चार बोटं उंच ठेवा. हुंडी वरंब्यावर बसली पाहिजे, बशीत नको.

त्यासाठी आठेक रोपं मात्र आत्ताच आणा, जूनमध्ये नको. मोठ्या पिशवीत बदलून घरामागे झाडाच्या सावलीला ठेवा, म्हणजे जागेवर जातील तेव्हा बाकीच्यांच्या बरोबरीची असतील. मी प्रत्येक कामावर दहा टक्के रोपं अशी जादा वाढवते. आणि काकांना सांगा, या आठ रोपांना पिशवीत आहेत तोवर पाणी रोज लागेल. हवं तर ते काम त्यांच्याकडेच द्या.